नाचणाऱ्या घोडीचे पाय

लग्न होऊन मी तळेगावात आले तेव्हा आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती. सासरी शेती बेताचीच, पण दारात पांढरी घोडी होती, आणि आसपासच्या गावांतले नवरदेव तिच्याशिवाय हलत नसत. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सुनेचं नाव आठवायला वेळ लागायचा, घोडीचं कौतुक मात्र सदा तोंडावर. मला राग यायचा आणि मी तो बोलूनही दाखवायची. सून तोंडाळ आहे, हे सगळ्यांना लवकरच कळलं.

त्या वर्षी लग्नसराई दांडगी होती. जिथं वरात, तिथं आधी घोडीला भिजवलेली चण्याची डाळ आणि गूळ. नवरदेवाच्या बहिणी परातीनं चारायच्या, नाही चारलं तर अपशकुन. घरी आल्यावर मामाजी वरून ज्वारी टाकायचे.

"अती तिथं माती होते जी मामाजी," मी एकदा म्हटलं.

"तू आपल्या भाकरी पाह्य," ते म्हणाले.

आणि ऐन सराईत घोडी नाचायला लागली. कोणी शिकवलं नव्हतं. वरात थांबली की पुढचा एक पाय उचलायची, टेकवायची, मग दुसरा. पोरं शिट्ट्या मारायची. तळेगावची नाचणारी घोडी म्हणून नाव झालं, पार कारंज्याहून बोलावणी यायला लागली. मामाजींची छाती फुगली.

पण माझी चूल घोडीच्या कोठ्याला, म्हणजे गोठ्याला लागून होती. भरदुपारी गाव चिडीचूप असताना मला टाप ऐकू यायची. टप. जरा थांबून, टप. डोकावून पाहिलं तर घोडी पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागं देऊन उभी, आणि तोच नाच. ना बँड, ना माणूस. त्या उन्हातही माझ्या अंगावर काटा आला.

"मामाजी, बँड नाई तं हे काऊन नाचून राह्यली?"

"कलावंत हाये ते. सराव करते."

"कलावंत असं तोंड पाडून नाचते का जी?"

त्यांनी घोडीपुढं आणखी एक ओंजळ ज्वारी टाकली. मला मात्र त्या आवाजाची धास्तीच बसली. भाकरी थापताना हात थांबायचा, पुढची टाप ऐकू येईपर्यंत. शेवटी एका संध्याकाळी मी ह्यांना सायकलवर पिटाळलं आणि ढोरांच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं.

डॉक्टर बराच वेळ घोडीला हात न लावता नुसते बघत बसले. मग म्हणाले, "बैल हंबरतो, कुत्रं केकाटतं. घोडं दुखणं लपवतं. त्याचं तोंड पाहावं लागतं." आवळलेल्या नाकपुड्या, डोळ्यांवरची सुरकुती, मागं पडलेले कान, सगळं त्यांनी बोटानं दाखवलं. अव माय! बाळंतकळा दाबून धरणाऱ्या बाईचं तोंड होतं ते. मग त्यांनी मामाजींचा हात धरून तिच्या खुरावर ठेवला. सावलीत उभी असूनही खूर तापलेला. चिमट्यानं खूर दाबला तसा घोडीनं असा हिसका दिला की ह्यांच्या हातातला दोर सुटला.

"ही नाचत नाही, काका. दोन्ही पाय जळतायत, म्हणून आळीपाळीनं उचलते. फाजील दाण्यानं झालंय हे. आतलं हाड खुरापासून सुटायला लागलंय."

त्यांनी कळ थांबवणारं इंजेक्शन दिलं. दाणा बंद, पायाखाली रेती, खुरांवर गार पाणी, आणि पाठीवर कोणालाही बसवायचं नाही. निघताना पुन्हा बजावलं, "उद्याचा दिवस दुखणं झोपेल, रोग झोपणार नाही. बरी दिसली म्हणून बाहेर काढाल, तर घोडी जाईल. पाय टेकायला भिते, तेच तिला राखतंय."

दुसऱ्या दिवशी गावातच लग्न होतं, मोठ्या घरचं, आणि मामाजींनी जबान दिलेली. सकाळी घोडी शांतपणे चारा खात होती. टापा बंद.

"पाह्य, बरी झाली!"

मी कोठ्याच्या दारात आडवी उभी राहिले. "नका नेऊ जी मामाजी. मरून जाईल ते."

"गावात नाक कापतं का माह्यं?" म्हणत त्यांनी घोडीवर झूल टाकली.

वरातीत मी बायकांच्या घोळक्यात होते. माझं सगळं लक्ष तिच्या पायांवर. चौकात बँडवाल्यांनी नाचाची धून धरली, आणि घोडी नुसती उभी राहिली.

"नाचव ना बे बुढ्या!" कोणीतरी ओरडलं. लोक हसले. मामाजी मात्र घोडीकडे बघतच राहिले. दुखत नव्हतं म्हणून ती नाचत नव्हती. ते त्यांना तिथं उमगलं, मी त्यांचं तोंड उतरताना पाहिलं. त्यांनी लगाम धरून तिला वळवायला पाहिलं, पण मागून गर्दी रेटत होती आणि वर नवरदेव बाशिंग बांधून बसलेला.

मारुतीच्या देवळापाशी दिवस बुडाला आणि औषध उतरलं. तिनं एक पाय उचलला, टेकवला. मग दुसरा.

"नाचली रे नाचली!" गर्दी पिसाळली. बँड दुप्पट जोरात वाजायला लागला. मामाजी दोन्ही हात वर करून ओरडत होते, "बंद करा! वाजा बंद करा!" लोकांना वाटलं, म्हातारा रंगात आला. कोणीतरी त्यांच्यावर गुलाल उधळला. मी बायकांना ढकलत, शिव्या देत पुढं घुसत होते. तेवढ्यात घोडीचे पुढचे गुडघे वाकले. ती हळूच खाली बसली आणि तिचं नाक मातीला लागलं.

"सलाम! नवरदेवाले सलाम केला!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. नवरदेव हसत खाली उतरला. मी पोचले तेव्हा मामाजी धुळीत बसून तिचं डोकं मांडीवर घेत होते. घामानं ती निथळत होती, अंगभर थरथरत होती. नवरदेवाचा काका खुशीत वाकून म्हणाला, "बुढेबुवा, आमच्या धाकट्याच्या लग्नालेही हेच घोडी आणजा."

"आता हे उठणार नाई, भाऊ," मामाजी म्हणाले. पण बँड पुन्हा सुरू झाला होता, काकाला ते ऐकूच गेलं नाही.