शेतांची नावं

कम्प्युटरला हात लावण्याआधी सर रुमालानं बोटांवरचा खडू पुसत. एकेक बोट, सावकाश. मग म्हणत, "चला, आता जल्दी जल्दी." पुढच्या तासाभरात त्यांच्या दहा ओळी होत.

टेंभुर्णीच्या शाळेत मी तासिकांवर कम्प्युटर शिकवायचो. सर भूगोलाचे, निवृत्तीला टेकलेले. एखाद्या नादानं झपाटलेले असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. यांचा नाद शेतांच्या नावांचा. सुटीत सायकलवर गावोगाव जायचे, म्हाताऱ्यांना विचारून चिठ्ठ्यांवर नावं उतरवून आणायचे. सासूचा तुकडा, चोरआंबा, भुताची पट्टी. प्रत्येक नावामागची गोष्टसुद्धा.

शाळेत कम्प्युटर एकच. मी हौसेनं त्यात विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकली होती; कम्प्युटर सुरू करताना दोन्हींतली एक निवडायची. मराठी लिनक्समध्ये चांगलं उमटायचं, म्हणून सर तिथं लिहीत. प्रिंटर मात्र विंडोजमध्येच चालायचा आणि विंडोजला लिनक्समधल्या फाइली दिसायच्या नाहीत. म्हणून डिस्कचा एक छोटा भाग मी दोन्हीकडून उघडेल असा करून ठेवला होता. हे ऐकून सर खूश झाले.

"म्हंजे दोन भावांची समाईक विहीर! मंग माझं लिखाण त्या विहिरीत कसं टाकायचं, ते दावा की."

तीनदा तरी म्हणाले असतील. "मीच करून देतो सर, आधी सगळं लिहून होऊ द्या," असं मी सांगायचो. चिठ्ठ्या जपून ठेवू का, असंही त्यांनी विचारलं. मी हसलो. "कम्प्युटर विसरत नसतो, सर." त्यांनी चिठ्ठ्या चुलीत घातल्या.

एका दुपारी मला सिनेमाची गाणी साठवायला जागा हवी होती. विंडोजमधून बघितलं की लिनक्सचे भाग बिननावाचे, रिकामे असल्यासारखे दिसतात. हे मला माहीत होतं. तरी घाईत मी भलताच भाग पुसला. सरांचं दीड वर्षाचं लिखाण गेलं.

मुख्याध्यापकांनी दोघांना बोलावलं. माझी नोकरी कच्ची होती. मी म्हणालो, "सरांच्या हातून काहीतरी दाबलं गेलं असावं."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "असंल. मला कुठं कळतं त्यातलं? पण यांना काही बोलू नका. लई जीव लावून शिकवलंय यांनी मला."

त्यानंतर ते कम्प्युटरच्या खोलीत आले नाहीत. व्हरांड्यात दिसले की नमस्कार तेच आधी करायचे. मी वही चाळत असल्याचं नाटक करून पुढं जायचो.

काही वर्षांनी, जालन्यात पक्की नोकरी लागल्यावर, खरं सांगून टाकायला मी त्यांच्या घरी गेलो. सर जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या सूनबाईंनी एक वही आणून दिली.

"परत लिहायला घेतलं होतं त्यांनी. पर सांगणारे म्हातारेच ऱ्हायले न्हाईत."

पानोपानी जागा कोऱ्या सोडल्या होत्या. एका कोऱ्या जागेपुढं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'इथं नाव होतं. माझ्या चुकीनं गेलं.'

"तुम्ही कम्प्युटरवाले सर ना?" सूनबाई म्हणाल्या. "लई चांगलं बोलायचे तुमच्याबद्दल."

चहा आला. तो मी प्यालो, वही त्यांच्या हातात दिली आणि काही न सांगता निघालो.