ओढ वाटली तर काय करायचं, हे शिकवणाऱ्या गायकवाडबाई

गायकवाडबाई उत्तर देण्याआधी डोळे मिटायच्या. इतका वेळ, की त्यांचा डोळा लागला असं वाटावं. मग हळू आवाजात एखादंच वाक्य यायचं. भूकंपानंतरच्या वर्षी लातूरला त्या आम्हा पंधराएक जणांना समुपदेशन शिकवत. कुणी कीर्तनकाराच्या घरचं, कुणी विहारात वाढलेलं. सगळे आपापल्या धर्मात मुरलेले. बाई कंधारच्या, बौद्ध. आयुष्य नांदेडच्या दवाखान्यात मनोरुग्णांशी बोलण्यात गेलेलं.

भूकंपात घरं गेलेल्यांच्या पत्र्याच्या वस्तीत मी दर मंगळवारी एका बाईंना भेटायचो. त्यांचा नवरा ढिगाऱ्याखाली गेला होता. महिनाभर त्या गप्पच होत्या, मग हळूहळू बोलू लागल्या. तिसऱ्या महिन्यात माझ्या ध्यानात आलं, मंगळवारी मी इस्त्रीचा सदरा घालू लागलो होतो. पोथी उघडली की ओळी विरघळायच्या आणि त्यांचाच आवाज ऐकू यायचा. मी उपास धरले, जप वाढवला. एका मंगळवारी तर गेलोच नाही. पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, "माझं काई चुकलं का?"

त्या प्रश्नानं मी हादरलो. तसाच गायकवाडबाईंकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी डोळे मिटले.

"वढ वाटली, त्यात पाप न्हाई," त्या म्हणाल्या. "पण ती तिच्या पदरात टाकू नको. तिचं दुःखच लई हाय."

मी म्हणालो, देवापुढे रोज कबूल करतोय. त्यावर त्या म्हणाल्या, "देवाला सांगितलंस, बरं केलंस. आता माणसालाबी सांगत जा."

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. तरुणपणी एका रुग्णाबद्दल त्यांनाही असंच वाटलं होतं. भीतीनं त्या त्याच्याशी तुटक वागल्या. तो यायचा बंद झाला. त्याचं पुढं काय झालं, ते त्यांना कधीच कळलं नाही.

महिनाभर मी दर आठवड्याला गायकवाडबाईंसमोर बसलो. ओढ ओसरेना, तेव्हा त्यांच्याच सल्ल्यानं ते काम आमच्यातल्या एका ताईंकडे सोपवलं. ताईंना घेऊन वस्तीत गेलो आणि म्हणालो, "तुमचं काहीच चुकलं नाही. मलाच हे काम नीट जमेना." त्या बाईंनी ताईंना नाव विचारलं. मी निघालो तेव्हा पत्र्याआडून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

गायकवाडबाई जाऊन बरीच वर्षं झाली. लातूर आता शिकवण्यांचं गाव झालंय, आणि इथल्या मुलांसाठी नवे समुपदेशक मी तयार करतो. पहिल्याच दिवशी त्यांना माझी ही गोष्ट सांगतो. वर्ग सुटल्यावर दारात कुणीतरी एकटं रेंगाळतं. मी खुर्ची पुढे करतो.