दर वेळी नवा कप

मी काम करते त्या लायब्ररीत मुलांच्या विभागातलं दर्शनी शेल्फ लावायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी आधीच चिडलेली होते. आमचं गाव एडिसनपासून वीसेक मिनिटांवर. इथल्या शाळेत निम्मी मुलं आपली, देशी, आणि उरलेल्यांपैकी बरीचशी मेक्सिको, पेरू, डॉमिनिकन रिपब्लिक अशा ठिकाणांहून आलेल्या घरांतली. सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभर लायब्ररीत लॅटिनो वारशाची चित्रपुस्तकं दर्शनी शेल्फवर लावतात. आदल्या वर्षी दिवाळीला मी असंच शेल्फ मागितलं होतं. मला मिळालं होतं दाराजवळचं एक टेबल, तेही चार दिवस, आणि त्याच टेबलावर हॅलोविनचा उरलेला भोपळा.

तरी पगार घेते म्हणून पुस्तकं लावली. लावता लावता वाचली. एका पुस्तकात अख्खं खानदान टेबलाभोवती बसून मक्याच्या पानांत पीठ बांधत होतं. मावशी ओरडतेय, आजोबा मधूनच चव बघतायत, कुणाचंच कुणाकडे लक्ष नाही. आमच्याकडे चकल्या करताना अगदी असंच असायचं. दुसऱ्यात घरभर झेंडूची फुलं होती आणि गेलेल्या माणसांसाठी ताट वाढून ठेवलं होतं. पितृपंधरवडा चालूच होता. पण त्या वर्षी मी गेलेल्या आईसाठी काही केलं नव्हतं, कारण कामाचा दिवस होता. ते पुस्तक मी जरा आपटूनच शेल्फवर ठेवलं.

त्याच महिन्यात दर शनिवारी सकाळी माझी बॉस मुलांची कार्यशाळा घ्यायची. कागद दुमडून आठ पानांचं पुस्तक करायचं, चित्रं काढायची, हव्या त्या भाषेत लिहायचं. विषय होता, ‘माझा शनिवार’. दहा-बारा मुलं यायची. त्यात नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिची आई मेक्सिकोतल्या पुएब्लाकडची. ती लोकांची घरं साफ करायची. आधी शनिवारी ती मुलीला कामावर बरोबर न्यायची, आता कार्यशाळा होती म्हणून आमच्याकडे सोडायची. उतरताना मुलीच्या वेण्या परत एकदा घट्ट करायची आणि मला सांगायची, “मी बारा वाजता. बरोबर बारा.” आणि बरोबर बारालाच यायची.

शेवटच्या शनिवारी मुलांनी पुस्तकं माझ्याकडे दिली. छापील पुस्तकांच्या शेजारी ती मांडायची होती. संध्याकाळी लायब्ररी रिकामी झाल्यावर मी एकेक चाळत बसले आणि त्या मुलीचं पुस्तक हातात आलं.

पहिल्या पानावर गाडी, मागे व्हॅक्यूम क्लीनर. दुसऱ्यावर कुत्र्याचं घर, म्हणजे ज्या घरात कुत्रा आहे ते. तिसऱ्या पानावर ‘डॉक्टरबाईंचं घर’. दारावर तोरण, बाहेर चपलांची रांग, स्वयंपाकघराच्या खिडकीत तुळशीची कुंडी, आणि पँट्रीचं दार उघडलं की आत देव. खाली तिच्या गोल अक्षरात, आधी स्पॅनिशमध्ये आणि मग इंग्रजीत, असं लिहिलं होतं: ‘या घरात सगळे चंदेरी पेल्यातून पाणी पितात. पण डॉक्टरबाई माझ्या मम्मीला दर वेळी नवा कप देतात. नवा कप फक्त मम्मीलाच मिळतो.’ आणि मम्मीच्या हातात फुलाफुलांचा एक कागदी कप काढला होता, भोवती पिवळ्या रेघा मारून, जणू तो चमकत होता.

ते घर मला माहीत होतं. त्या तुळशीला मी पाणी घातलंय.

त्या डॉक्टरकाकू. वय शहात्तर, भूल देण्याच्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त. मी लग्न करून आले तेव्हा डिपेंडंट व्हिसावर होते, नोकरी करायची परवानगी नाही, गाडी येत नाही, नवरा सकाळी सातला ट्रेन पकडायला जायचा. काकूंनी मला स्वतःच्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं, मंडळात ओळखी करून दिल्या. मी पाच-सहा वर्षं त्यांच्या घरात लेकीसारखी वावरले. कागदी कपांची ती चळत सिंकखाली कुठे असते हेसुद्धा मला ठाऊक होतं. एकदा त्यांच्याकडे गोरा प्लंबर आला होता. सिंकखाली आडवा पडून, हात काळे करून उठला, तर काकूंनी त्याला कॉफी दिली ती चांगल्या सेटमधल्या मगमधून. आणि त्याच दुपारी घर साफ करणाऱ्या बाईला कागदी कपात पाणी. मी बघितलं आणि पोहे खात राहिले.

आता मी जे केलं ते लिहिते. बाकीच्या मुलांची पुस्तकं मी खालच्या फळीवर मिटून ठेवली. हे एक सर्वांत वरच्या फळीवर, तिसरं पान उघडून, क्लिप लावून ठेवलं. काकू दर शनिवारी साडेदहाला नातीला घेऊन येतात हे मला माहीत होतं.

पुढच्या शनिवारी त्या आल्या. नात सहा वर्षांची, ती धावत शेल्फपाशी गेली, मान वर करून बघितलं आणि लायब्ररीभर ऐकू जाईल असं ओरडली, “आजी, लुक! धिस इज युवर हाउस!”

काकूंनी चष्मा लावला. वाचलं. मग पुस्तक क्लिपमधून काढून माझ्या काउंटरवर आणून टाकलं.

“हे कुणी लावलं इथे?”

“मी.”

“वाचून लावलंस की न वाचता?”

“वाचून.”

“अगं, हायजीन असतं ते! मी डॉक्टर आहे. ती बाई चार घरांचे टॉयलेट साफ करून येते.”

“प्लंबरला मग कसा दिलात?”

“कुठला प्लंबर?”

“तो गोरा. त्याला चांगल्या मगमधून कॉफी दिलीत.”

काकूंचा चेहरा बदलला. रागावल्यावर त्या लाल होत नाहीत, पांढऱ्या पडतात. “तुझ्यासाठी मी काय काय केलंय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “आणि तू चार परक्या लोकांसमोर माझं घर टांगून ठेवतेस?”

“नाव कुठे आहे तुमचं त्यात?”

“माझ्या नातीनं ओळखलं ना!” आणि नातीचा हात धरून त्या सरळ बॉसच्या केबिनमध्ये शिरल्या. मला गंमत वाटली. आपण जिंकलो असं वाटलं. खोटं कशाला सांगू.

जाताना त्यांनी त्या पानाचा फोटो काढला होता, आणि मुखपृष्ठाचाही. मुखपृष्ठावर त्या मुलीनं स्वतःचं नाव आणि आडनाव मोठ्या रंगीत अक्षरांत लिहिलं होतं. हे मला तेव्हा सुचलंच नाही.

दुपारपर्यंत ते फोटो मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आले. काकूंनी मजकूर साधाच लिहिला होता की पब्लिक लायब्ररीत हिंदू घरांची बदनामी चालली आहे, कृपया सर्वांनी कळवा. मग लोक सुटले. ज्यांच्या मुलांना मी गोष्टी वाचून दाखवल्या होत्या ते लोक. एकानं लिहिलं, आपल्या टॅक्सवर यांची पुस्तकं. एकीनं लिहिलं, देवघर दाखवलंय यार, टू मच. आणि मग एका गृहस्थांनी, जे दर गणपतीत प्रसादाच्या रांगेची शिस्त लावतात, लिहिलं, “यांची कागदपत्रं तरी आहेत का, कुणी विचारलंय? इमिग्रेशनला एक फोन केला की कळेल.” त्याच्याखाली सात अंगठे होते. त्यातला एक अंगठा मला राखी बांधायला बोलावणाऱ्या माणसाचा होता.

मी लिहिलं, “फोटो काढून टाका. ती नऊ वर्षांची आहे. नाव दिसतंय.” पुन्हा लिहिलं. मग तिसऱ्यांदा लिहायला गेले तर ग्रुपमधून मला काढलेलं होतं.

मी काकूंना फोन केला. वाद घालायचा नव्हता, विनंती करायची होती. “काकू, तुमचा राग माझ्यावर काढा. तो फोटो तेवढा काढायला लावा. तिच्या आईला त्रास होईल.”

“मी काही कागदपत्रांचं बोलले नाही,” काकू म्हणाल्या.

“पण फोटो तुम्ही टाकलात.”

“आणि पुस्तक तू टांगलंस,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सोमवारी लायब्ररीच्या इनबॉक्समध्ये तक्रारींचा ढीग होता, बहुतेक एकाच मजकुराच्या. बॉसनं मला आत बोलावलं. ती स्वतः प्वेर्तो रिकोतल्या आईबापांची मुलगी, शेल्फवरच्या पुस्तकांवर तिचा जीव. “छापील पुस्तकं मी हलवणार नाही, कुणीही काहीही म्हणो,” ती म्हणाली. “पण मुलांची पुस्तकं खाली घ्यायची. सगळी. एकच काढलं तर सगळ्यांचं बोट त्या एका मुलीकडे जाईल.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू वर उघडून ठेवलेलं ते एकच का होतं?”

मी म्हटलं, “मला चित्र आवडलं.”

तिनं ते मानलं नाही, पण पुढे विचारलंही नाही. अकरा मुलांची पुस्तकं मी खोक्यात भरली. पालकांना फोन केले. दहा जण आठवडाभरात येऊन घेऊन गेले, दोघं-तिघं भांडले, त्यांचं बरोबरच होतं. तिची आई आली नाही. मुलगीही पुन्हा लायब्ररीत दिसली नाही. फोन लागत नव्हता.

ऑक्टोबरच्या अखेरीस ती आली, बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी. आत आली नाही. पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून उभी राहिली आणि दुसऱ्या कुणाकडून तरी मला बाहेर बोलावलं. मी पुस्तक घेऊन गेले. मुलगी गाडीत नव्हती.

“सॉरी,” मी म्हटलं. मी बरंच काही पाठ केलं होतं, पण एवढंच निघालं.

तिनं पुस्तक उघडून बघितलं, सगळी पानं आहेत ना ते मोजल्यासारखं. तिचं इंग्रजी तुटक होतं, पण एकही शब्द चुकीचा नव्हता.

“डॉक्टरबाईंकडचं काम मी सोडलं,” ती म्हणाली. “मग तिच्या मैत्रिणींनी मला काढलं. तीन घरं.”

“मी दुसरीकडे विचारते.”

“नको.” आणि मग म्हणाली, “तो कप कशासाठी होता, मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मुलीला माहीत नव्हतं. शाळेत एका मुलीनं सांगितलं, तुमच्या देशी मुलीनं. तुझी आई घाणेरडी म्हणून कागदी कप. आता तिला माहीत आहे.”

तिनं पुस्तक मिटून हातात धरलं.

“पुस्तक वर कुणी लावलं?”

“मी.”

“त्या बाईला दाखवायला?”

तिनं ते इतकं सरळ विचारलं की खोटं बोलता येईना. मी हो म्हटलं.

“तुमचं भांडण,” ती म्हणाली. “तुमच्या लोकांचं भांडण. त्यात माझ्या मुलीचं पुस्तक घेतलं.” ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गाडीत बसली, सीटबेल्ट लावला, काच खाली केली आणि म्हणाली, “ती आता चित्र काढते तेव्हा आधी मला विचारते, हे काढू का?”

गाडी गेली. मी आत येऊन उरलेली पुस्तकं जागेवर लावली, दिवे बंद केले, घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, “तू कशाला मध्ये पडलीस?” त्या दिवशी आमच्यात जे भांडण झालं तसं त्याआधी किंवा नंतर झालं नाही. मुलं जिन्यावर येऊन बसली होती.

मी नोकरी सोडली नाही. शेल्फ पुढच्या वर्षी पुन्हा लागलं, मीच लावलं. तिच्या मुलीसारखी दिसणारी कुणी आली की माझा हात थांबतो. त्या दोघी परत आल्या नाहीत. शेजारच्या गावच्या लायब्ररीत जातात असं बॉस म्हणाली, पण नक्की तिलाही माहीत नाही.

काकू आणि मी तेव्हापासून बोललेलो नाही. ओक ट्री रोडवर, किराणा दुकानात, एकदा दोघींच्या ट्रॉल्या समोरासमोर आल्या. त्यांनी आंब्याच्या पेटीकडे बघितलं, मी भेंडीकडे. मला त्यांचा राग येतो, अजूनही तितकाच, सकाळी दात घासतानासुद्धा येतो. आणि त्या रागात माझी स्वतःवरची चीड किती मिसळलेली आहे हे मला वेगळं काढता येत नाही. काढायचा प्रयत्नही मी हल्ली करत नाही.

या मार्चमध्ये काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगा कामासाठी कॅलिफोर्नियात, इथे असलेली सून दिवसभर नोकरीत, म्हणून मंडळानं जेवणाचे डबे वाटून घेतले. यादी करणाऱ्या बाईंनी जुन्या सवयीनं मलाही धरलं होतं आणि मंगळवार दिला होता. त्यांचा फोन आला तेव्हा मी घरीच होते.

“मला जमणार नाही,” मी म्हटलं.

“कामात आहेस का? मग बुधवार देते.”

“कामात नाही. मंगळवारी मी मोकळी आहे.”

मग त्या म्हणाल्या, “अगं, म्हातारी बाई आहे. झालं गेलं...”

मी म्हटलं, “माझं नाव खोडा,” आणि त्यांनी खोडलं.