विमलचा गोंद

अगं, अशी लांबून काय वाचतेस? जवळ सरक. आणि तो फोन आधी उलटा ठेव — धड जेवत नाही, धड ऐकत नाही तुम्ही लोक. आज जे सांगणार आहे ते मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला गेल्या आठवड्यात सांगून आले, आणि आता तुला.

ऐकून हसशील. गोल्फच्या काठ्या! मी — वारज्याची बाई, गोल्फचं मैदान कुंपणाबाहेरूनसुद्धा न पाहिलेली — त्या काठ्या बनवत होते. पुण्यात काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या, कॉम्प्युटरवाले साहेब रविवारी गोल्फ खेळायला लागले, आणि आमच्या साहेबांनी वारज्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये काठ्या जुळवायचं काम काढलं. सुटे भाग बाहेरून यायचे. खालचं लोखंडी डोकं म्हणजे हेड. मधला दांडा म्हणजे शाफ्ट — स्टीलचा, नाहीतर काळा, हलका ग्रॅफाइटचा. वर रबराची ग्रिप. हेडच्या मानेत भोक असतं. गोंद लावून शाफ्ट त्यात बसवायचा आणि दिवसभर हलवायचा नाही. सोपं वाटतं ना? पण सगळी काठी त्या बोटभर गोंदावर उभी असते.

गोंद दोन डब्यांतला. दोन्हीतलं सारखं घ्यायचं आणि घोटायचं. ते काम विमलचं. विमल वाशीमकडची, नवरा इथे कारखान्यात लागला म्हणून आलेली. शेडमध्ये तिला मीच आणलं. तिच्या गोंदात कधी बुडबुडा सापडला नाही. माझं काम त्याच्या पुढचं — शाफ्टचं टोक घासायचं, थिनरने पुसायचं आणि गोंद लावून हेडमध्ये बसवायचं. पुसल्यावर टोकाला बोट लावायचं नाही. हे साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं.

आता इथे मी अडखळते बघ. चहा टाकू का आधी? नको. सांगूनच टाकते.

तो गोंद हाताला बसला की निघायचा नाही. घरी जाऊन त्याच हाताने कणीक मळायची — कशी मळणार? म्हणून मी कामाला बसायच्या आधी बोटांना खोबरेल तेल चोळायचे. संध्याकाळी गोंद सालीसारखा निघून यायचा. बाकीच्या बायका विचारायच्या, तुमचेच हात कसे हो स्वच्छ? मी नुसती हसायचे. आणि एक खोड होती — पुसलेलं टोक नीट घासलंय का, ते बोटांत फिरवून बघायची. तेलाच्या बोटांत!

एका मोठ्या कंपनीतल्या साहेबाचा ग्रॅफाइटचा सेट होता. अमेरिकेतून आलेल्या पाहुण्यासमोर त्याने पहिलाच फटका मारला, आणि हेड सुटून पाहुण्याच्या कानाजवळून गेलं. पाहुणा वाचला. दुसऱ्या दिवशी आमचे साहेब ते हेड आणि तो नागडा शाफ्ट घेऊन शेडमध्ये आले. मी जुनी, म्हणून माझ्याच हातात दिलं. म्हणाले, "बघा, गोंद कच्चा राहिलाय का."

मी हेडच्या भोकात टोच्या लावून पाहिला. गोंद दगडासारखा होता. प्रमाण चुकलं असतं तर तो मऊ, चिकट राहिला असता. आणि शाफ्टच्या टोकावर? गोंदाचा कणही नाही. गुळगुळीत. गोंद पक्का होता, त्याला धरायलाच काही मिळालं नव्हतं. आणखी काय कळायचं राहिलं होतं मला?

मी म्हणाले, "मऊ लागतोय, साहेब."

तेवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही. साहेब स्वतः टोचून बघतील म्हणून "साफ करून ठेवते" म्हणत मी ते हेड गॅसच्या ज्योतीवर तापवलं आणि आतला गोंद उकरून काढला. विमल शेजारीच उभी होती. "ताई, नीट पाहा ना. मी बरोबरच घेतलं होतं." मी वर पाहिलं नाही. दुपारी ती डबा उचलून गेली. तिला काढलं होतं.

नोकरी जाईल म्हणून बोलले नाही, असं मी मला सांगत आले. तेही खोटंच गं. शेडमध्ये सगळ्यांत पक्का हात माझा, असं नाव होतं. ते मला सोडवत नव्हतं. एवढंच.

पुढे शेड बंद पडली. विमल धायरीला राहायला गेली. दर संक्रांतीला मला हळदीकुंकवाला बोलवायची, आणि येईल त्या बाईला सांगायची — यांनी मले पुण्यात उभं केलं. मी वाण घ्यायचे आणि घरी यायचे. कशी घेत होते कोण जाणे!

गेल्या आठवड्यात सहज तिच्याकडे गेले होते. तिच्या नातवाला जुलाब होत होते, सून ऑफिसला. डॉक्टरांनी पाण्यात कालवायची पुडी दिलेली. विमलने ती माझ्याकडे दिली आणि हसून म्हणाली, "तुमीच कालवा ताई. माह्या हाताचं प्रमाण चुकते, तुमाले तं माहीतच हाये."

इतकी वर्षं! अगं, मी तिची नुसती नोकरीच घेतली असं समजत होते.

पुडी ओट्यावर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तेल, टोच्या, ज्योत, सगळं. तिने विचारलं, "कडक होता?"

"दगडासारखा."

"बुडबुडा?"

"एकही नव्हता."

तिने पुडी उचलली, पाणी मोजलं, स्वतः कालवलं, पोराला चमच्याने पाजलं. वाटी रिकामी झाल्यावर माझ्याकडे वळली. "आता जा तुमी. मले आज तुमच्याशी बोलायचं नाही."

मी गेले. बसमध्ये खिडकी मिळाली, आणि लाज वाटते सांगायला — मला इतकं हलकं वाटत होतं की वारजे कधी आलं कळलंच नाही. घरी येऊन पोटभर जेवले. माफी मागितली नाही तिची. मागून तिच्यावर माफ करायचं आणखी एक काम कशाला टाकू?

ऐकलंय की ती आता भिशीत सगळ्यांना सांगते आहे. सांगू दे. माझ्यापेक्षा नीट सांगेल. तुझ्या कानावर तिचं आलं आणि माझ्या सांगण्यात कुठे फरक दिसला, तर तिचंच खरं धर. आणि ते ऐकूनही यावंसं वाटलं तर ये गं लवकर, दुपारची मी घरीच असते.