नळाची वर्दी

ऑफिसातले किस्से पेन्शनीबरोबर संपतात, असा माझा समज होता. पण भाड्याच्या बिल्डिंगीत राहिलं की ते निकाली न निघालेल्या फायलींसारखे साचत जातात. नांदेडची कारकुनी संपवून मी लातूरला, मुलीच्या गावात, राहायला आलो. आमची सहा घरं, सगळे भाडेकरू. मालक बिराजदार अप्पा उदगीरला असतात. आणि तिसऱ्या मजल्यावर, कांबळे सरांकडे, ब्रूनो असतो. ब्रूनो कुत्रा आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण त्याचा मान पाहून तसं वाटत नाही.

*

ब्रूनो आला तेव्हा मी कांबळे सरांना करारनाम्यातलं कलम दाखवलं : 'पाळीव प्राणी ठेवणार नाही.' अप्पांच्या सांगण्यावरून ते मीच लिहिलं होतं.

"काका, हा पाळीव नाही, पाहुणा आहे," सर म्हणाले. "उमरीच्या मेव्हण्याचा. आठ दिवसांसाठी आलाय."

त्याला वर्ष झालं. आमच्या ऑफिसात डेप्युटेशनवर आलेले लोकही असेच रिटायर होऊन जात!

*

आमच्याकडे नळ आठ-आठ दिवसांनी येतो, आणि कधी येईल ते नळालाही माहीत नसतं. त्याची वर्दी देणं हे माझं खातं होतं. पार्किंगमधल्या नळाला कान लावून बसायचं आणि "नळ आलेऽऽ!" अशी हाक द्यायची. "काका आहेत म्हणून बरं," असं घराघरांतून ऐकू यायचं. एखाद्या घरातून चहाही यायचा.

पाण्याआधी पाइपातून हवा सुटते. ती ब्रूनोला तिसऱ्या मजल्यावर ऐकू येते, हे एका सकाळी सगळ्यांना कळलं. तो भुंकला, लोक उठले, मोटारी लागल्या. मी हाक द्यायला बाहेर आलो, तेव्हा शेजारच्या पाटीलबाई शेवटची घागर उचलत होत्या.

"काका, आता उठून राहिलात व्हय?"

माझा चहा बंद झाला. त्याची बिस्किटं सुरू झाली.

*

लोकांचं सोडा. एकदा माझी बायकोच त्याला जिन्यात धपाटे चारताना सापडली. लोण्यासकट! मला वर्षभरात धपाट्याचा वाससुद्धा मिळालेला नाही.

"मला नाही म्हणतेस, आणि ह्याला?"

"त्याला शुगर न्हाई."

*

शेवटी मीच अप्पांना फोन केला. अप्पा आले. सगळ्यांना पार्किंगमध्ये उभं करून त्यांनी मला कलम वाचायला लावलं. मी खणखणीत वाचलं. कांबळे सर खाली बघू लागले.

तेवढ्यात वर ब्रूनो भुंकला.

"चावतो का काय?" अप्पा दचकले.

"न्हाई अप्पा, नळ आले!" म्हणत सगळे पळाले. पार्किंगमध्ये अप्पा, मी आणि कलम उरलो.

अप्पांनी मान वर करून तिसरा मजला न्याहाळला. "ह्याच्यासारखं एखादं पिल्लू मिळंल का, इचारा की. उदगीरच्या बिल्डिंगीला." मग माझ्याकडे वळले. "हे कलम कुणी लिहिलंय?"

"मीच."

"मग तुम्हीच खोडा."

खोडलं. खाडाखोडीशेजारी सहीसुद्धा केली. नियम म्हणजे नियम!

*

मागच्या आठवड्यात कांबळे सर लग्नासाठी मुरुडला गेले, ब्रूनोसकट. चार दिवसांचा चार्ज माझ्याकडे आला. मी नळाशी खुर्ची टाकून बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पाइप फुसफुसला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "नळ आलेऽऽ!"

कोणी हललं नाही. पाटीलबाईंनी खिडकी उघडली. "ब्रूनो कुठं भुंकला, काका?"

"तो मुरुडला आहे!"

"हाव, पण त्यो भुंकल्याबिगर मोटार लावू नको म्हणलेत आमचे हे. मागं तुमच्या हाकेवर लावली, अन् नुसती हवा आली. मोटार जळली!"

खिडकी बंद.

नळाची धार जाड झाली होती. अर्ध्या तासात ती जाणार, मग पुन्हा आठ दिवस. मी इकडेतिकडे पाहिलं. पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. घसा साफ केला आणि भुंकलो.

धडाधड मोटारी सुरू झाल्या.

वर गॅलरीतून बायकोचा आवाज आला, "आला गं बाई मुरुडहून! लग्नातलं जेवण मानवलं लेकराला. आवाज बघा कसा सुटलाय!"