पळसाची पत्रावळ

पळसाच्या पत्रावळीचा वास आला की चाळीसगावचं ते दुकान आठवतं. ह्यांच्यासोबत केळीबागांचं काम पाहायला इस्राएलहून एक बाई आल्या होत्या. तेव्हा त्यांचा वल्हांडण हा ज्यू सण चालू होता; त्यात खास बेखमीर भाकरीखेरीज गव्हाचा कणही चालत नाही, म्हणून जेवायला बोलावलं तर आमच्या घरची पोळ्यांची सगळी भांडी बाद, आणि पत्रावळी आणायला आम्ही दोघं त्या दुकानात. कोंड्याच्याही ताटल्या निघाल्यात, म्हणून हे एकेक पत्रावळ उजेडात धरून विचारत होते, "नाना, यामा गहूना कोंडा नही ना?" दुकानदार वैतागला, "नही भाऊ, निस्तं पळसनं पान शे." मी बाजूला उभी जळत होते. माझ्या एकादशीला ह्याच नवऱ्याने कौतुकाने गरम पोहे आणले होते! आता एकादशीला मी साबुदाणा मुद्दाम पत्रावळीवर वाढून घेते. हे विचारतात, "आज कोण येणारे जेवायला?"