रिस्टोअर शीतलनेच केलं

डेटाबेसवाल्या मंडळींनो, दोन मिनिटं काढून हे वाचा.

आज सकाळी शीतलचा फोन आला. आपल्याच ग्रुपमधली, तिसगावजवळच्या एका डेअरीत डेटाबेस सांभाळते. "ताई, लई घोळ झाला. टेस्ट सर्व्हर समजून लाईव्हवरच डिलीट मारलं. सगळ्या सभासदांच्या नोंदी उडाल्या. आता मला काढून टाकतील."

"रडणं नंतर. आधी साहेबांना खरं काय ते सांग आणि कुठल्याही बटनाला हात लावू नकोस. रात्रीचा बॅकअप आहे ना?"

होता. पण तो परत कसा चढवायचा, हे तिने कधी करूनच पाहिलं नव्हतं.

आपले केडगावचे रमेशभाऊ कामासाठी पाथर्डीला निघाले होते. त्यांना तिच्याकडे वळवलं. पोचताच त्यांचा फोन. "मीच करून टाकतो की ताई. किरकोळ काम हाय."

"हात खिशात ठेवा, भाऊ. ती करेल."

फोन स्पीकरवर होता. मागून शीतल म्हणाली, "भाऊंनाच करू द्या ना. माझ्याकडून परत चुकलं तर?"

"चुकलं तर भाऊ आहेत शेजारी. आज त्यांनी केलं, तर उद्या साहेब तुला त्या खुर्चीत बसवणार नाहीत."

भाऊ शेजारी बसून एकेक पायरी सांगत गेले, ती टाईप करत गेली. दुपारी सगळ्या नोंदी परत आल्या. साहेब रागावले, पण "उद्या वेळेवर या" म्हणाले.

मग मात्र तिला रडू फुटलं. भाऊ घाबरून मला विचारतात, "ताई, आता काय करू?"

म्हटलं, "काही नाही. नुसते बसून राहा."

तुमच्या हातून पहिल्यांदा असं काही उडालं, तेव्हा तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?